इंजिन चालू, पाती थांबलेली

कसारा घाट उतरताना एका वळणानंतर वास यायला लागतो. पुढे भरलेला ट्रक असतो, ड्रायव्हर ब्रेक दाबत दाबत त्याला खाली आणत असतो, आणि जळक्या लायनरचा, म्हणजे ब्रेकमधल्या घासणाऱ्या पट्टीचा, उग्र, नाकात चिकटून बसणारा वास आपल्या खिडकीतून आत शिरतो. मुंबईच्या वाटेवरचा हा वास नाशिककरांना पाठ असतो. गेल्या डिसेंबरात तोच वास मला सिन्नरच्या पलीकडे, कापणी होऊन मोकळ्या पडलेल्या एका माळावर आला. तिथे ट्रक नव्हता, घाट नव्हता. मी गुडघे टेकून बसलो होतो, माझ्या हेलिकॉप्टरचं रोटर हेड, म्हणजे पाती जिथे जोडलेली असतात तो भाग, डाव्या मुठीत गच्च धरलेलं होतं, आणि वास त्या मुठीच्या वीतभर खालून येत होता.

हेलिकॉप्टर म्हणजे मॉडेल हेलिकॉप्टर. उभं केलं तर गुडघ्याच्या जरा खाली येतं, वजन सव्वातीन किलो. त्याचं एकेक पातं ६०० मिलिमीटरचं. पाती फिरायला लागली की टोकापासून टोकापर्यंतचं वर्तुळ साधारण एक मीटर चौतीस सेंटिमीटरचं भरतं. आत एकच सिलिंडर, ०.५० घनइंचाचा, म्हणजे आठ सीसीच्या किंचित वर. ह्या वर्गाला आमच्या छंदात 'फिफ्टी साइझ' म्हणतात. इंधन पेट्रोल नाही. मिथेनॉल, त्यात तेल आणि थोडं नायट्रोमिथेन. माझ्या इंधनातल्या तेलात एरंडेलाचाही अंश असतो, त्यामुळे उडवून घरी आलो की कपड्यांना तो वास असतोच. ठिणगीसाठी कॉइल नाही, मॅग्नेटो नाही. ग्लो प्लगमधली प्लॅटिनमची बारीक तार मिथेनॉलच्या संगतीनं लाल राहते आणि तेवढ्यावर इंजिन चालतं. नाशिकच्या एका अंगाला देवळालीची छावणी, दुसऱ्या अंगाला ओझरचा विमानतळ, म्हणून हे उडवायला आम्ही तिघं-चौघं रविवारी पहाटे एवढ्या लांब जातो.

त्या दिवशी काय झालं ते नीट सांगतो, कारण ह्या छंदात नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असायला हवं. हेलिकॉप्टरच्या रिमोटवर 'आयडल-अप' नावाचं एक बटण असतं. ते खाली असेल तेव्हा रिमोटवरची काडी तळाला आणली की इंजिन मंद होतं. ते वर केलं की काडी कुठेही असली तरी इंजिन चढेच राहतं, कारण हवेत असताना पात्यांचा वेग कायम ठेवायचा असतो आणि वर-खाली जायचं काम पात्यांच्या तिरकेपणावर सोपवायचं असतं. इंजिन सुरू करताना हे बटण खालीच हवं. माझं वर राहिलं होतं. स्टार्टर लावला, इंजिननं पेट घेतला आणि मंद गुरगुरण्याऐवजी एकदम किंचाळत वर गेलं. अशा वेळेसाठीच रोटर हेड हातात धरून सुरू करायची शिस्त आहे. मी धरलं होतं, आणि सोडलं नाही. उजव्या हातातला स्टार्टर टाकून इंधनाची नळी चिमटीत दाबली. कार्ब्युरेटरमध्ये उरलेलं इंधन संपून इंजिन बंद पडेपर्यंत चार-पाच सेकंद गेले असतील. तेवढ्या वेळात इंजिनची सगळी ताकद, दीड-दोन हॉर्सपॉवरच्या जवळपासची, एका बोटभर रुंदीच्याही नसलेल्या पट्टीवर घासून उष्णतेत गेली. तो वास त्या पट्टीचा होता. क्लचच्या लायनरचा.

माझा हात, चेहरा आणि बोटं शाबूत राहिली ती त्या पट्टीमुळे. उड्डाणाच्या वेगात ह्या पात्यांचं टोक ताशी साडेचारशे किलोमीटरहून जास्त वेगानं जात असतं. इंजिन आणि पाती सरळ एकमेकांना जोडलेली असती, तर मुठीत काही धरून ठेवायचा प्रश्नच नव्हता. मधला क्लच घसरला, म्हणून पाती थांबलेली राहिली. घसरता घसरता जळाला तो तोच.

घरी येऊन वरवर तपासलं. पाती हातानं फिरवली, इंजिन फिरवून पाहिलं, सगळं सुरळीत वाटलं. पुढच्या रविवारी पुन्हा उडवलं. दहा-बारा फुटांवर स्थिर धरलं तोवर काही कळलं नाही. मग वर चढवायला काडी दिली, तेव्हा कानाला एक विचित्र गोष्ट जाणवली. इंजिनचा आवाज वर गेला आणि पात्यांचा आवाज खाली आला. हे दोन आवाज नेहमी हातात हात घालून चढतात-उतरतात. इंजिन तारसप्तकात असताना पात्यांची 'फडफड-फडफड' जड आणि सुटी सुटी ऐकू यायला लागली, तेव्हा दोघांमधला हात सुटला आहे हे कळलं. मशीन वर जायच्या ऐवजी बसायला लागलं. हळूच उतरवलं. बाजूला बसलेल्या मित्रानं विचारलं, "इंजिन लीन झालं का रे? इंधन कमी पडतंय?" मी म्हटलं, "नाही. क्लच गेलाय."

हा आवाज मी ओळखला तो लहानपणी ऐकलेला होता म्हणून.

आम्ही नाशिकरोडचे. वडील, म्हणजे अण्णा, प्रेसमध्ये होते. नाशिकरोडला 'प्रेस' म्हटलं की छापखाना कुठला ते सांगावं लागत नाही. अण्णांकडे लूना होती. कायनेटिकनं १९७२ साली बाजारात आणलेली ही पन्नास सीसीची मोपेड पुढे महाराष्ट्रातल्या किती घरांत पहिली गाडी म्हणून आली असेल! प्रेस सुटली की सायकली आणि लूनांचा लोंढा रस्त्यावर उतरायचा, तो मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. लूनाला क्लचची लिव्हर नव्हती, गिअर नव्हते. पॅडल मारायचं, इंजिन सुरू झालं की मूठ पिळायची, गाडी आपोआप पुढे सरकायची. शेजारच्यांच्या बजाज चेतकला डाव्या हातानं क्लच दाबून गिअर टाकावा लागे, आमच्या लूनाला तसलं काहीच नव्हतं. लहानपणी मला वाटायचं की लूनाला क्लचच नाही. तो होता. फक्त तो चालवणाऱ्याच्या हातात नव्हता, इंजिनच्या वेगाच्या हातात होता.

एका उन्हाळ्यात लूना चढावर रडायला लागली. इंजिन ओरडायचं आणि गाडी माणसाच्या चालीनं जायची. अण्णा मला मागे बसवून गॅरेजवाल्या काकांकडे घेऊन गेले. काकांनी मूठ पिळली, एकदा ऐकलं आणि म्हणाले, "अण्णा, इंजिन पळतंय पण चाक ऐकत नाय. लायनर संपलाय." मग मला म्हणाले, "बाळ, उद्या येताना शाळेतनं खडूचा तुकडा आण."

खडू कशाला, ते दुसऱ्या दिवशी कळलं. नवा लायनर बसवल्यावर काकांनी त्याच्यावर सगळीकडून खडू फासला. ड्रम चढवला, हातानं दोन वेढे फिरवला आणि परत काढला. लायनरवर दोन ठिकाणी खडू पुसला गेला होता, बाकी तसाच पांढरा. "बघ, इथं नि इथं टेकतोय. म्हणजे तेवढाच उंच आहे. तेवढाच घासायचा." पॉलिश पेपरनं तेवढं घासलं, पुन्हा खडू, पुन्हा ड्रम. चार-पाच वेळा असं झाल्यावर खडू सगळीकडे सारखा पुसला जायला लागला. मग काका गाडी घेऊन बिटको चौकापर्यंत जाऊन आले, उतरल्या उतरल्या खाली वाकले आणि बोटांची मागची बाजू ड्रमला लावून क्षणभर थांबले. अण्णांना म्हणाले, "घेऊन जा." बिल किती झालं ते आठवत नाही. बोटांची ती मागची बाजू आठवते.

लूनातला आणि माझ्या हेलिकॉप्टरमधला क्लच जातीनं एकच. इंग्रजीत त्याला सेंट्रिफ्युगल म्हणतात. गरगर फिरताना बाहेर फेकलं जाण्याच्या ओढीवर चालणारा. मॉडेलमध्ये तो स्टीलच्या एकाच तुकड्यातून कापलेला असतो. मधोमध इंजिनला बसणारा भाग, त्याच्या दोन बाजूंना दोन जाड शू, आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या दोन पातळ माना. मान हीच स्प्रिंग. ह्या सगळ्यावर स्टीलची एक वाटी पालथी बसते, तिला 'बेल' म्हणतात, आणि बेलच्या आतल्या भिंतीवर लायनरची पट्टी चिकटवलेली असते. बेलच्या टोकाला छोटं दातेरी चाक, ते मोठ्या चाकाला फिरवतं आणि मोठं चाक पात्यांना. इंजिन मंद असेल तोवर माना शूंना आत ओढून धरतात, शू आणि लायनर यांच्यात केसभर फट राहते, इंजिन चालू आणि पाती थांबलेली. वेग वाढला की शू बाहेर झुकतात, लायनरला टेकतात, आधी घसरतात आणि मग धरतात.

ह्या झुकण्यात किती जोर असतो ते मी एकदा कागदावर काढून पाहिलं आणि बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसलो. शूचं वजन पाच ग्रॅम धरा, म्हणजे एखादं नाणं. तो मध्यापासून बारा मिलिमीटरवर फिरतोय असं धरा. इंजिन मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर असताना हे पाच ग्रॅम एक किलोच्या जरा वर वजनाएवढ्या जोरानं बाहेर ओढ घेतात. तेवढं ती पातळ मान सहन करते. १६,००० फेऱ्यांवर, म्हणजे उडताना, तीच ओढ सतरा किलोच्या घरात जाते. वेग चौपट, ओढ सोळापट. मधे कुठेही लिव्हर नाही, तार नाही, कुणाचा हात नाही. नाण्याएवढा तुकडा नुसत्या फिरण्याच्या जिवावर सतरा किलो उचलण्याचा जोर आणतो, आणि वेग उतरला की आपला आपण मागे जाऊन बसतो.

नाशिकरोडला वाढलेल्या पोराला हेलिकॉप्टरचं वेड लागायला वेगळं कारण लागत नाही. देवळाली-नाशिकरोडच्या आकाशात लष्कराची चेतक आणि चीता हेलिकॉप्टरं शाळेच्या तासांमध्येही डोक्यावरून जायची. एकदा एक चेतक जवळच्या मैदानावर उतरलं होतं. आम्ही पोरं कुंपणाला चिकटून उभी. परत निघायच्या वेळी आधी नुसती एक शिट्टी ऐकू आली, बारीक, मग चढत चढत कानात घुसणारी. पण पाती जागची हलेनात. मला वाटलं काहीतरी बिघडलंय. आणि मग, शिट्टी चांगली चढल्यावर, एक पातं आळस दिल्यासारखं हललं, त्याच्यामागून दुसरं, तिसरं, आणि बघता बघता तिन्हींची एक राखाडी चकती झाली.

त्या थांबण्याचा अर्थ कळायला मला वीस वर्षं लागली. चेतक म्हणजे फ्रान्सचं अल्युएट-३, हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं परवान्यावर भारतात बांधलेलं. त्याचं आर्टूस्ट इंजिन एकाच दांड्याचं आहे. हवा दाबणारी चक्रं आणि ताकद देणारी चक्रं एकाच दांड्यावर. नंतरच्या बहुतेक हेलिकॉप्टरांत पात्यांना फिरवणारं टर्बाइन वेगळं, सुटं असतं. इंजिन सुरू होताना पात्यांचं ओझं त्याच्यावर येत नाही. आर्टूस्टला ती सोय नाही. सुरू होतानाच पाती गळ्यात पडली तर ते उठणारच नाही. म्हणून चेतकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये सेंट्रिफ्युगल क्लच आहे. अण्णांच्या लूनात होता तो, माझ्या मॉडेलमध्ये आहे तो. हे मी पहिल्यांदा वाचलं त्या रात्री अण्णांना उठवून सांगितलं होतं. "म्हणजे आपली लूना चेतकच्या जातीची," एवढं म्हणून ते कुशीवर वळले. झोपेतसुद्धा त्यांच्या आवाजात समाधान होतं.

तर, लायनर.

नवी पट्टी मागवली. एका ऑनलाइन दुकानानं छोट्या वर्गाच्या हेलिकॉप्टरची, अरुंद पट्टी पाठवली. बदलून यायला आणखी दोन आठवडे लागणार होते. जानेवारीची हवा उडवायला इतकी स्वच्छ असते की माझ्याच्यानं थांबवेना. मनात आलं, मोपेडचा जुना ब्रेक लायनर घासून पातळ करावा आणि तोच लावावा. बेल खिशात घालून गॅरेजवाल्या काकांकडे गेलो. गॅरेज आता मुलगा बघतो. काका दारात खुर्ची टाकून बसलेले असतात, ऐंशीच्या पुढचे. बेल त्यांच्या तळहातावर ठेवली.

"काय पंख्याचं आहे का हे?"

"नाही काका, हेलिकॉप्टरचं. लहान, खेळण्यातलं म्हणा. क्लचचा ड्रम आहे."

त्यांनी बेल उजेडाकडे धरली. आत अंगठा फिरवला. जिथे स्टील निळं-जांभळं पडलं होतं तिथे अंगठा थांबला.

"तापवलास."

"हो. मूठ वर राहिली होती."

"किती फिरतं हे?"

"सोळा हजार."

ते काही बोलले नाहीत. मग बेल परत माझ्या हातात देत म्हणाले, "आमचं पाच-सहा हजारांचं काम. ह्याला दुसऱ्याचं घालू नकोस. ह्याच्यासाठी जे बनवलंय तेच लाव. येईस्तोवर थांब. आणि चिकटवायच्या आधी हात लावायचा नाय आत. अंगाचं तेल लागतं."

थांबलो. त्या दोन आठवड्यांत बाकीची कामं केली, आणि आता वाटतं ती थांबल्याशिवाय झालीच नसती. पहिलं, भिंगाखाली क्लचच्या माना पाहिल्या. जास्त तापलेल्या स्टीलचं पाणी उतरतं, मानेला केसासारखी चीर जाते, आणि पुढे कधीतरी उडताना शू तुटून बेलमध्ये अडकतो. म्हणजे मंद इंजिनलाही पाती फिरत राहतात, क्लच सुटतच नाही. माझ्या माना सरळ होत्या, चीर नव्हती, रंगही बदललेला नव्हता. उष्णता जास्त करून लायनर आणि बेलनं पिऊन घेतली होती. चीर दिसली असती तर क्लचही बदलला असता. तिथे काटकसर करू नये असं माझं ठाम मत आहे. दुसरं, इंजिनचं पुढचं बेअरिंग. त्यातून तेल गळत असेल तर ते थेट क्लचवर उडतं, आणि तेल लागलेला लायनर कितीही नवा असला तरी घसरतो. नुसता लायनर बदलून 'पुन्हा गेला' म्हणणारे मी पाहिले आहेत. त्यांचं बेअरिंग कुणी पाहिलेलंच नसतं.

जुना लायनर काढणं हे सगळ्यात घाण काम. बेलची बेअरिंगं आधी उतरवून बाजूला ठेवली, कारण त्यांच्यातलं ग्रीस तापवायचं नव्हतं. मग हीट गननं बेल बाहेरून गरम केली. जुना इपॉक्सी गोंद उष्णतेनं मऊ पडला, पट्टीचं एक टोक आधीच सुटलेलं होतं, ते पकडीत धरून सोलत गेलो. अर्धी पट्टी अखंड आली. उरलेली अर्धी काळ्या खपलीसारखी भिंतीला धरून होती, ती पितळी पट्टीच्या कडेनं खरवडावी लागली. ही भुकटी फुंकरीनं उडवायची नाही. जुन्या काळच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, आणि गॅरेजमध्ये सगळे ड्रम तोंडानं फुंकून साफ करायचे, मीही केलेले आहेत. आता मी तोंडाला मास्क बांधतो आणि ओल्या फडक्यानं टिपून घेतो. पट्टीत काय आहे ह्याची चौकशी करत बसण्यापेक्षा ते सोपं आहे.

मग भिंत. खरं चिकटवणं इथे होतं, गोंद लावायच्या कितीतरी आधी. १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं आतली भिंत आडवी-तिरकी घासली, चकाकी पूर्ण जाऊन करडी, खरखरीत होईपर्यंत. त्या ओरखड्यांत शिरूनच गोंद पकडतो. गुळगुळीत स्टीलवर त्याला धरायला जागा नसते. नंतर अ‍ॅसिटोन. कापडाचा बोळा भिजवून एकदा फिरवला, काळा आला. दुसरा, करडा. तिसरा, चौथा. सहावा बोळा आत गेला तसाच पांढरा बाहेर आला, तेव्हा थांबलो. तिथून पुढे बेल बाहेरूनच धरली.

पट्टी आली तेव्हा व्हर्निअर काढला. बेलचा आतला व्यास ३० मिलिमीटर, पट्टीची जाडी ०.८. पट्टीची लांबी कापताना व्यासातून जाडी वजा करायची, कारण पट्टीचा मध्य भिंतीवर नसतो, तिच्या आत असतो. २९.२ गुणिले ३.१४, म्हणजे एक्क्याण्णव पूर्णांक सात मिलिमीटर. मी ब्याण्णवच्या जरा वर कापली आणि बारीक कानशीनं टोकं घासत आणली. कोरडी बसवून बघितली, काढली, पुन्हा घासली. टोकं एकमेकांना इतकी भिडायला हवीत की पट्टी स्वतःच्या ताणानं भिंतीला दाबून बसेल. फट राहिली तर शूची कड प्रत्येक फेरीला त्या टोकाला ठेचते, आणि सुटायची सुरुवात तिथूनच होते. लांब राहिली तर मधे फुगा येतो. सातव्या वेळी ती बसली. 'टक्' असा लहानसा आवाज झाला आणि जोड कुठे आहे ते शोधावं लागलं.

पाच मिनिटांत वाळणारं इपॉक्सी इथे चालत नाही. ते उष्णतेत मऊ पडतं. दहा वर्षांपूर्वी मी घाईत तेच वापरलं होतं आणि तिसऱ्या उड्डाणात लायनर सुटून गोळा झाला होता. आता स्टीलची पूड असलेलं, चोवीस तास घेणारं, करडं इपॉक्सी वापरतो. पातळ थर भिंतीला, अगदी पातळ थर पट्टीच्या पाठीला. पट्टी बसवली, कडेनं बाहेर आलेलं इपॉक्सी कानात घालायच्या कापसाच्या काडीनं टिपलं. पट्टीच्या घासणाऱ्या बाजूवर राहिलेला एक थेंबसुद्धा वाळल्यावर काचेसारखा कडक होतो आणि शू त्याच्यावर घसरतो.

दाबून धरायला माझ्या मुलीनं फुगा दिला. वाढदिवसाच्या उरलेल्या पुडक्यातला, लाल. बेलच्या आत फुगा घालून हवा भरली की तो सगळ्या बाजूंनी सारखा दाब देतो. लाकडाचा गोल तुकडा किंवा क्लचच आत घालून जे होतं त्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. तिनं फुगवला, मी गाठ मारली. देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात, जिथे कुणाचा धक्का लागणार नाही, तिथे ती बेल आणि तिच्या तोंडातून बाहेर आलेला लाल फुगा एक दिवस आणि दोन रात्री होता. आईनं सकाळी पूजा करताना विचारलं, "हे काय ठेवलंयस रे इथं?" मी म्हटलं, "वाळतंय." तिनं त्याच्या बाजूनं फूल वाहिलं आणि पुढे गेली.

फुगा काढल्यावर क्लच आत घालून पाहिला. हिशेबानं दोन्ही बाजूंना ०.२ मिलिमीटरची फट हवी होती. क्लच आत गेला पण एका जागी अडखळत होता. मुलीच्या फळ्याचा खडू घेतला. लायनरवर फासला, क्लच घातला, दोन वेढे फिरवला, काढला. जोडाच्या शेजारी नखाएवढी जागा काळी, बाकी सगळं पांढरं. बोटाला पॉलिश पेपर गुंडाळून तेवढीच जागा घासली. पुन्हा खडू. पुन्हा. चौथ्या वेळी क्लच आत ठेवून बेल कलती केली, तर तो कुठेच न अडता फिरला.

जोडणी भरभर झाली. बेअरिंगं, दांडा, इंजिनचे चार बोल्ट, प्रत्येकाला सैल होऊ नये म्हणून लॉकचा निळा थेंब. दातेरी चाकांमधली फट कागदाची पट्टी मधून फिरवून बसवली. कागदाला दातांचे ठसे उमटावेत पण तो फाटू नये.

आता ह्या वर्गात बहुतेक जण इलेक्ट्रिकवर गेले आहेत. मोटर स्वतःच हळूहळू वेग घेते, तिला क्लच लागत नाही, बॅटरी लावली की झालं. ती मशीनं उत्तम आहेत आणि नवशिक्याला मी तीच घ्यायला सांगतो. पण इंजिन चालू असताना पाती थांबलेली असण्याचा तो अर्धा मिनिट त्यांच्यात नाही. माझ्यासाठी सगळ्या सकाळीतला तोच भाग मोलाचा आहे.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी माळावर गेलो. मित्राला म्हटलं, "तू बटण बघ. आयडल-अप खाली आहे ना? मोठ्यानं सांग." "खाली," तो म्हणाला. रोटर हेड मुठीत धरलं, स्टार्टर लावला. इंजिननं दुसऱ्या प्रयत्नाला पेट घेतला आणि मंद गुरगुरत राहिलं. मूठ सैल केली. पाती हलली नाहीत. दव पडलेल्या माळावर एरंडेलाचा निळसर धूर पसरत होता, आणि त्या आवाजावर दोन्ही पाती स्वस्थ होती, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. मी मशीन उचलून पंधरा पावलं पुढे नेऊन ठेवलं, मागे आलो आणि काडी किंचित वर केली.

शू लायनरला टेकल्याचा आवाज फार लहान असतो, खसखस दळल्यासारखा. एक पातं निघालं. दुसरं त्याच्यामागून. दोघांची चकती झाली, इंजिन आणि पाती एका आवाजात आली, आणि गवताच्या काड्या मशीनच्या भोवतीनं बाहेर पळायला लागल्या. वर उचललं. डोक्याएवढं स्थिर धरलं. मग चढाव दिला, जिथे डिसेंबरात ते बसलं होतं तिथेच. दोन्ही आवाज बरोबर चढले.

नवा लायनर पहिल्या टाकीला जोरात वापरायचा नसतो, म्हणून सात मिनिटं साधंच उडवलं आणि उतरवलं. इंजिन बंद झालं, पाती आपली आपण फिरत राहिली, मंद होत होत थांबली. मी खाली बसलो, कॅनपी, म्हणजे पुढचं कवच, काढली, आणि बोटांची मागची बाजू बेलला लावली.

कोमट होती.